नवीन रायफल नीट चालत नाहीये? पाना हातात घेण्याआधी हे वाचा

यूट्यूबवर 'नवीन रायफल जॅम होते' असं काहीतरी टाकून शोधा. वर येणारे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले असतात. दाढीवाला माणूस, टेबलावर उघडलेली सेमी-ऑटोमॅटिक रायफल, बाजूला पितळी ब्रश, सॉल्व्हंटची बाटली आणि तेलाचा स्प्रे. तो सांगतो, भरपूर तेल मारा, पाचशे राऊंड झाडा, आपोआप मोकळी होईल. आणि हे बघणारा मुलगा बसलेला असतो डोंबिवलीत, समोर १० मीटरची एअर रायफल घेऊन.

दोघांनाही आपण रायफलच म्हणतो, घोटाळा तिथेच होतो. आतली यंत्रं एकमेकांशी संबंध नसावा इतकी वेगळी आहेत. एकीचा इलाज दुसरीवर केला, तर दोन-तीन लाखांची वस्तू सर्व्हिस सेंटरला जाते आणि तुमची ट्रायल हुकते.

मी डोंबिवलीत राहतो आणि ठाण्यातल्या एका रेंजवर आठवड्यातून तीन दिवस मुलांच्या रायफली बघायला जातो. ऑक्टोबर २०२२ मध्ये ठाण्याचाच रुद्रांक्ष पाटील कैरोला १० मीटर एअर रायफलमध्ये विश्वविजेता झाला. अभिनव बिंद्रानंतर या प्रकारात जगज्जेता झालेला तो दुसरा भारतीय. मग २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ आणलं. आता कल्याण-डोंबिवलीच्या सोसायट्यांमध्येही रायफलची लांबलचक बॅग पाठीवर घेतलेलं एखादं पोरगं दिसतं. रायफल आली की पाठोपाठ तक्रारही येते, "दादा, नवीन आहे, तरी शॉट कुठेही जातोय."

दोन रायफली, दोन यंत्रं

आधी सेमी-ऑटोमॅटिकचं बघू, म्हणजे ते व्हिडिओवाले जे सांगतात ते का सांगतात हे कळेल. ट्रिगर ओढला की दारूचा स्फोट होऊन गोळी नळीतून पुढे जाते. त्यातला थोडा गरम वायू नळीच्या एका छोट्या भोकातून बाजूला घेतला जातो. तो पिस्टनला धक्का देतो, बोल्ट मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, आणि परत येताना बोल्ट मॅगझिनमधून पुढची गोळी उचलून नळीत ढकलतो. हे सगळं एका सेकंदाच्या छोट्याशा तुकड्यात होतं. यातली एक पायरी चुकली की रायफल अडकते. वायूच्या भोकात काजळी बसली तर बोल्ट पूर्ण मागे जात नाही, मॅगझिनचे ओठ वाकडे असले तर गोळी तिरकी चढते, आणि कारखान्यातून निघताना लावलेलं गंजरोधक ग्रीस तसंच राहिलं असेल तर नवी कोरी रायफलसुद्धा रखडते. म्हणून तिथे पहिला सल्ला असतो की पूर्ण उघडा, पुसा, हलकं तेल लावा, मग चांगल्या दर्जाच्या गोळ्यांनी चालवून बघा. त्या यंत्रासाठी तो सल्ला बरोबरच आहे.

आपल्याकडे ईशापूरच्या कारखान्यात बनलेली ७.६२ मिलिमीटरची एसएलआर पोलिसांच्या हातात तुम्ही पाहिली असेल. तिला पुढच्या बाजूला गॅस रेग्युलेटर असतो. पिस्टनकडे किती वायू जाईल हे त्याने कमी-जास्त करता येतं, म्हणजे काजळी साचली तरी रायफल चालत राहते. पण अशी रायफल तुमच्या-माझ्या घरात येत नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सेमी-ऑटोमॅटिक शस्त्रं निर्बंधित वर्गात मोडतात. एनसीसीत तुम्हाला जी .२२ रायफल मिळते ती बोल्ट-अ‍ॅक्शन असते, आणि तिची सफाई उस्तादांच्या नजरेखाली होते. स्वप्नील कुसाळेच्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्येही .२२ च लागते, आणि तिला परवाना लागतो.

आता तुमची एअर रायफल. तिच्यात दारू नाही, पुंगळी नाही, मॅगझिन नाही. दर शॉटला एक पेलेट आपण हाताने ठेवतो. ताकद येते ती सिलिंडरमधल्या हवेतून. हा सिलिंडर साधारण २०० बारपर्यंत भरतात. तुमच्या बाबांच्या गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतात, यावरून अंदाज करा. ती हवा रेग्युलेटरमधून ठरावीक कमी दाबावर एका छोट्या कप्प्यात येते. ट्रिगर सुटला की हॅमर व्हॉल्व्हवर आपटतो आणि कप्प्यातली हवा पेलेटला ढकलते. साधारण अर्ध्या ग्रॅमचं ते शिसं सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने निघतं. हिशेब केला तर ऊर्जा ८ जूलच्या आत येते. ४.५ मिलिमीटरपर्यंतचं बोअर आणि २० जूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, तो याच हिशेबाने. म्हणून 'पॉवर वाढवून देतो' म्हणणाऱ्या कोणाच्याही हातात ती देऊ नका. खेळात त्या पॉवरचा उपयोग शून्य, आणि कायद्याची भानगड वेगळीच.

यावरून दोन गोष्टी निघतात. एअर रायफल त्या अर्थाने जॅम होतच नाही. आणि तिच्यात काजळी नसते, शिशाची बारीक पूड असते, त्यामुळे सॉल्व्हंट आणि पितळी ब्रशचं इथे काही काम नाही.

शॉट पसरतायत, तर सुरुवात कुठून?

तपासणीआधी रायफल रिकामी आहे याची खात्री करा. लोडिंग लिव्हर उघडा, सेफ्टी फ्लॅग नळीत घाला, तोंड टार्गेटकडेच ठेवा. मोबाइलची टॉर्च लावून नळीच्या तोंडातून आत बघायची सवय काही मुलांना असते. ती आजच सोडा. बघायचंच तर सिलिंडर काढून, लिव्हर उघडून, ब्रीचच्या बाजूने, म्हणजे पेलेट ठेवतो तिथून बघा.

मग रायफलच्या बॉक्समध्ये शोधा. मॅच रायफलीसोबत बहुतेक कंपन्या कारखान्यात शिकंज्यात पकडून मारलेल्या शॉट्सचं कार्ड देतात. त्यावर पाच किंवा दहा शॉट्सचं एकच भोक दिसतं, पेलेटपेक्षा जेमतेम मोठं. बरेच जण ते कार्ड बॉक्सबरोबर माळ्यावर टाकून देतात. खरं तर तुमच्या रायफलचा तो जन्मदाखला आहे. ती काय करू शकते हे त्यावर छापलेलं असतं.

गेल्या पावसाळ्यात कल्याणची एक मुलगी आली, अकरावीतली. रायफल दोन महिन्यांची. वडिलांनी पीएफमधून पैसे काढून घेतलेली, आणि ट्रायल नऊ दिवसांवर. जुन्या, क्लबच्या रायफलने ती ६० शॉट्सला ६१५ च्या पुढे जायची, नवीनवर ६०५ ला अडकली होती. तिच्या दादाने रेग्युलेटर उघडायचा व्हिडिओ डाउनलोडसुद्धा करून ठेवला होता. वडील बिचारे एकच विचारत होते, "साहेब, फसवलं का आपल्याला?"

आम्ही रेग्युलेटरला हात लावला नाही. रायफल शिकंज्यात धरली आणि तिच्याच डब्यातले पेलेट मारले. ग्रुप कार्डापेक्षा बराच मोठा आला. म्हणजे चूक तिच्या हातात नव्हती, निदान सगळी तरी नव्हती. मग एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो. हा या सगळ्या लेखातला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. पेलेट बदलले, डायॉप्टरही हलवला आणि ट्रिगरही सैल केला, तर ग्रुप सुधारला तरी कशामुळे ते कधीच कळत नाही.

पहिल्यांदा स्क्रू. फ्रंट साइट, डायॉप्टर, गालाची पट्टी, बटप्लेट, आणि स्टॉकला यंत्र जोडणारे मुख्य स्क्रू. नवीन रायफलीत हे सैल होतात कारण पहिल्या काही हजार शॉट्समध्ये भाग एकमेकांवर बसत जातात. तिचा फ्रंट साइटचा स्क्रू बोटानेही फिरत होता. तो मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने आवळला. ताकद लावून नव्हे. अ‍ॅल्युमिनियमच्या आट्या जातात तेव्हा आवाजसुद्धा होत नाही.

ग्रुप सुधारला, पण कार्डाइतका नाही. मग पेलेट. एकाच कंपनीच्या पेलेटच्या डब्यांवर ४.४९, ४.५० असे हेड साइजचे आकडे असतात. मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे काही नाही असं वाटतं. पण १० मीटरवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे इथे तो फरक दिसतो. प्रत्येक नळीला एखादा आकडा आवडतो, आणि तो मारून बघितल्याशिवाय समजत नाही. दुकानातून तीन-चार प्रकारचे डबे आणा, प्रत्येकातले दहा शॉट शिकंज्यातून मारा, कार्डं शेजारी ठेवा. तिच्या रायफलला ४.५० पेक्षा ४.४९ बरा निघाला.

तिसरी गोष्ट आम्हाला क्रोनोग्राफने सांगितली. अर्धा तास थांबून मारलेला पहिला शॉट पुढच्या शॉट्सपेक्षा सेकंदाला सात-आठ मीटरने जोरात जात होता. चांगल्या रायफलीत सलग शॉट्समधला फरक एक-दोन मीटरच्या आत राहतो. रायफल नुसती पडून असताना दाब हळूहळू वर सरकणं, हे रेग्युलेटरच्या सीलचं दुखणं आहे. वॉरंटीत होती, अधिकृत सर्व्हिसला पाठवली. दादाने तो घरी उघडला असता तर वॉरंटी तर गेलीच असती, शिवाय २०० बारच्या यंत्रणेतून एखादा भाग उडून डोळ्यात गेला असता. ट्रायल तिने क्लबच्या रायफलवर दिली.

हे सगळं करण्याआधी अजून एक शक्यता तपासा, की बिघाड रायफलमध्ये नाहीच. इलेक्ट्रॉनिक टार्गेटमधली कागदाची पट्टी पुढे सरकली नाही किंवा सेन्सरचं गणित बिघडलं, तर स्क्रीनवर भलतंच दिसतं. शेजारच्या लेनवर जाऊन दहा शॉट मारा. तिथे ग्रुप नीट आला तर रायफलला दोष देऊ नका.

हवा, गळती आणि ट्रिगर

रात्री सिलिंडर लावून ठेवलेल्या रायफलच्या गेजचा फोटो काढा, सकाळी पुन्हा काढा. काटा स्पष्ट उतरला असेल तर गळती आहे. साबणाचं पाणी बोटाने सांध्याला लावलं की बुडबुडे जागा दाखवतात. बहुतेक वेळा सिलिंडरच्या आट्यांजवळची रबरी ओ-रिंग फाटलेली किंवा कचरा बसलेली असते. रिंग बदलणं सोपं आहे, पण सिलिंडर काढून, रायफलमधली उरलेली हवा सोडल्यावरच. दाब असताना कुठलाही सांधा आवळू किंवा सोडू नका.

सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते. स्पर्धेत दहा वर्षांपेक्षा जुना सिलिंडर चालत नाही, आणि घरीही चालवू नये. सेकंड-हँड रायफल घेताना लोक नळी बघतात, लाकूड बघतात, ही तारीख बघत नाहीत.

उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत भरलेला सिलिंडर ठेवायचा नाही, हे का सांगतात तेही बघा. २७ अंशांवर २०० बार भरलेली हवा ६० अंशांवर साधारण २२२ बार होते. मे महिन्यात बंद गाडीत ६० अंश काही दूर नसतात.

ट्रिगरबद्दल थोडक्यात. 'ट्रिगर मेला' म्हणून आलेल्या रायफलींमध्ये मी आधी ड्राय-फायरचं बटण बघतो. सराव म्हणून हवेशिवाय ट्रिगर दाबण्याची ती सोय असते, आणि कित्येकदा तीच चालू राहिलेली असते. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर बॅटरी. एअर रायफलला ट्रिगरच्या वजनाची किमान मर्यादा नाही, म्हणून पोरं तो फार हलका करून ठेवतात आणि मग लिव्हर बंद करतानाच शॉट सुटतो. हा बिघाड नाही, सेटिंग आहे, आणि धोकादायक सेटिंग आहे. स्क्रू किती फिरवला ते मोजा, म्हणजे मागे फिरता येतं.

पेलेट नळीत अडकला तर त्याच्यामागे दुसरा घालून उडवायचा प्रयत्न करू नका. हवा संपत आलेली असेल तर असं होतं. सिलिंडर काढा आणि प्रशिक्षकांना बोलवा. प्लास्टिकचं आवरण असलेल्या सळईने तो हळूच ढकलून काढता येतो.

सफाई: कमी करा, पण नेमाने करा

एअर रायफलची सफाई म्हणजे मुख्यतः फेल्टचे बोळे. पेलेटच्या आकाराचे हे लोकरी बोळे कुठल्याही शूटिंगच्या दुकानात मिळतात. सराव संपला की दोन बोळे एकत्र घालून टार्गेटच्या दिशेने मारा. एकटा बोळा फार हलका पडतो, यंत्राला पुरेसा विरोध मिळत नाही, म्हणून दोन. काळपट निघाले तर पुन्हा दोन. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पांढरट आले की बास. सफाईनंतरचे पहिले पाच-दहा शॉट थोडे इकडेतिकडे जातात, नळीत शिशाचा पातळ थर परत बसेपर्यंत. त्यामुळे मॅचच्या सकाळी सफाई करू नका, आदल्या दिवशी उरका.

तेलाच्या स्प्रेबद्दल मी जरा जास्तच कडक आहे. पेट्रोलियमवालं तेल ब्रीचमध्ये किंवा सिलिंडरच्या तोंडाशी गेलं आणि त्यावर उच्च दाबाची हवा आली, तर ते पेटू शकतं. डिझेल इंजिनात नेमकं हेच मुद्दाम घडवतात. सील खराब होतात ते वेगळंच. मॅन्युअलमध्ये नाव असलेलं ग्रीस, सांगितलेल्या जागी, टाचणीच्या डोक्याएवढं. बाहेरच्या धातूवर मात्र तेलाचं हलकं फडकं फिरवायला हरकत नाही, आपल्याकडे फिरवायलाच हवं.

आणि हात. पेलेट शिशाचे असतात. रेंजवरून उतरून थेट वडापाव हातात घेणारी मुलं मी रोज बघतो. आधी साबणाने हात धुवा. पेलेट तोंडात धरायची काहींना सवय असते, ती तर अजिबात नको.

पावसाळा आणि लोकल

जर्मनी-ऑस्ट्रियात बनलेल्या रायफलीला जून ते सप्टेंबरमधला ठाण्याचा दमटपणा मॅन्युअलमध्ये कुठेच भेटत नाही. बॅगेतला फोम ओल धरून ठेवतो. पावसातून घरी आलात तर रायफल बॅगेतून बाहेर काढा, कोरड्या सुती फडक्याने पुसा, बॅग उघडी ठेवून पंख्याखाली वाळवा, आणि मगच आत ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या बॅगेत असूद्या, पण महिन्या-दोन महिन्यांनी बदला. एसी रेंजमधून बाहेर आल्यावर थंड धातूवर पाणी धरतं, तेव्हा रायफल लगेच बॅगेत बंद करू नका.

सिलिंडर भरताना कॉम्प्रेसरला ओल शोषणारा फिल्टर आहे ना, ते विचारा. हातपंपाने भरत असाल तर सावकाश, मधे थांबत भरा. ओलसर हवा आत गेली की गंज आणि सीलचं दुखणं दोन्ही आतून सुरू होतं, आणि ते बाहेरून दिसत नाही.

सकाळच्या कल्याण-ठाणे लोकलमध्ये बॅगेला किती धक्के बसतात ते मी वेगळं सांगायला नको. डायॉप्टर काढून छोट्या डब्यात, शक्यतो अंगाशी असलेल्या सॅकमध्ये ठेवा. परत लावताना रेलवरच्या त्याच खुणेवर लावा, पेन्सिलने खूण करून ठेवली तर उत्तम. सिलिंडर वेगळा, रायफल रिकामी. बिलाची प्रत, क्लबचं ओळखपत्र आणि आधार जवळ असू द्या. स्टेशनवर बॅग तपासायला थांबवलं तर वाद न घालता दाखवा. फलाटावर स्वतःहून मात्र ती उघडू नका, फोटोसाठी तर मुळीच नाही.

फोनचा खरा उपयोग

व्हिडिओ बघण्यापेक्षा फोनने नोंदी ठेवा. रोजचा गेजचा फोटो, पेलेटच्या डब्याचा नंबर, किती शॉट झाले, कधी बोळे मारले. पेलेटचा घेर वाकलाय का हे मॅक्रो कॅमेऱ्यात नीट दिसतं. शॉटचा आवाज आणि टार्गेटवर आपटल्याचा आवाज यांतल्या अंतरावरून वेग काढणारी अ‍ॅप्स आहेत. बंद रेंजमध्ये शेजाऱ्याच्या आवाजाने ती गोंधळतात, पण शॉट-शॉटमधला मोठा फरक पकडायला पुरतात. स्लो-मोशनमध्ये तुमचाच व्हिडिओ काढा. शॉट सुटल्या क्षणी नळी खाली झुकतेय असं दिसलं, तर आधी प्रशिक्षकांना दाखवा, सर्व्हिस सेंटरला नंतर फोन करा.

हे सगळं करूनही शिकंज्यातला ग्रुप कारखान्याच्या कार्डाजवळ येत नसेल, तर मात्र पाठवा. सोबत बिलाची प्रत, ते मूळ कार्ड, तुमच्या शिकंज्यातल्या शॉट्सची कार्डं, वेगाचे आकडे आणि काय-काय बदलून बघितलं त्याची तारखेसह यादी जोडा. नुसतं 'नीट चालत नाही' असं लिहिलेली रायफल महिनाभर टेबलावर पडून राहते. 'अर्धा तास थांबल्यावर पहिला शॉट आठ मीटरने जोरात जातो' असं लिहिलेल्या रायफलीत काय उघडायचं, हे मेकॅनिकला पहिल्याच दिवशी कळतं. सिलिंडर कुरियरने पाठवायचा असेल तर पूर्ण रिकामा करून, आणि पाठवायचा की नाही हे आधी विचारून.